दुबईहून तीन तास

"लुसीने मम्मीची अंगठी काढली. तिला मातीला येऊ देणार नाही!" भुईगावच्या घरात इझाबेलने दारातच सांगून टाकलं.

रमेश चरकला. मातीला यायची बंदी म्हणजे माणसाला गावातून उठवणंच की! त्याची बायको सरोजिनी खासगी गुप्तहेर. तिला बोलावणं आलं की हा पिशवी धरून मागे.

इझाबेलची आई रोझमेरीबाई पहाटे गेल्या होत्या. पाचला चर्चची मिस्सा, मग शवपेटी बंद. हाताशी जेमतेम तासभर.

शेजारीण लुसी मागच्या पडवीत रडत बसली होती. "चार वरसं हिचं सगलं मीच केलं, बाय. आंघोल मीच घातली. बोट सुकलेलं, अंगठी निसटत होती. मी घरी दोरा आनाया गेले, आले तर बोट रिकामं!"

"किती वाजले होते?"

"अकराचा सुमार. बायका पुढं हार करीत होत्या. मागचं दार उघडंच होतं."

दोऱ्याची सबब कोण मानणार, असं रमेशला वाटलं. बिचारी!

इझाबेलचा धाकटा भाऊ जेन्सन दोन वर्षं दुबईत. आज तीनला तो बॅग घेऊन पोचला होता.

"विमान कधी सुटलं?" सरोजिनीने विचारलं.

"दहाला. एकला उतरलो. तीन तास लागतात."

"तिथले दहा ना?"

"हो, तिथलेच."

"अकराला हा आभाळात होता," रमेश कुजबुजला. "दहा नि तीन तेरा. हिशेब चोख आहे."

सरोजिनीने सगळ्यांना पेटीजवळ बोलावलं, लुसीलाही.

"अहो, दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथले दहा म्हणजे इथले साडेअकरा. त्यात तीन तास मिळवा."

रमेशने बोटं मोजली. "अडीच!"

"अडीचला उतरून हा तीनला भुईगावात कसा? तिथे राहणारा माणूस घरी फोन लावताना रोज हा फरक मोजतो. चुकतो तो, ज्याने मोबाइलवर नुसतं अंतर नि वेळ पाहिली. जेन्सन, तू दुबईला गेलासच नाहीस. म्हणजे अकराला तू आभाळात नव्हतास. लुसी दोऱ्यासाठी उठली तेव्हा मागच्या दाराने तूच आलास."

जेन्सनने खिशातून अंगठी काढून पुढे धरली.

"एजंट पैसे घेऊन पळाला, ताई. गावभर पार्टी देऊन निघालेलो, कुठल्या तोंडाने परत येणार? आचोळ्यात खोली घेतली. आज गुपचूप मम्मीला बघायला आलो. हात धरला तर अंगठीच माझ्या हातात आली. पावलं वाजली नि पळालो. चोरी नाही गं केली!"

इझाबेलने लुसीचा हात धरून तिला आईच्या उशाशी बसवलं. "चुकले गं, बाय. पदर पसरते," ती म्हणाली. मग भावाकडे वळली.

"महिनाभर तुझं नाव घेत होती रे ती. मीच समजवायची, मम्मी, लांब आहे, विमानाने यावं लागतं, सुट्टी मिळत नाही त्याला. शेवटी तीच म्हणाली, राहू दे, पोराला एवढा प्रवास नको. आणि तू आचोळ्यात! रिक्षाने आला असतास रे!"