दात उमटलेली रोटी

मुखतारने लाथ मारून फाटक उघडलं आणि भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली, तेव्हा त्याची मोठी बहीण ओयदीन संध्याकाळच्या पाळीला जाण्याआधी तंदुरातून शेवटची रोटी काढत होती... भाऊ भर दुपारी कापसाच्या जिनिंगमधलं काम सोडून आला, म्हणजे काहीतरी विपरीत घडलं, हे तिला त्याच्या डोळ्यांतच दिसलं.

"कुठाय तुझी बार्नो? हातच मोडतो तिचे."

घडलं होतं ते अख्ख्या फरगाना खोऱ्यात घडत होतं. पूर्वी आठवीपुढची शाळा लांब शहरात. घरातून एकच मूल जाऊ शकणार. वर्गात पहिली येणाऱ्या ओयदीनने दप्तर बाजूला ठेवलं, जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहिली आणि धाकट्याला पाठवलं. तो अकरावी होऊन त्याच जिनिंगमध्ये कारकून झाला, हमालाच्या तिप्पट पगार घेऊ लागला आणि चारचौघांत तिला 'आमची हमालीण' म्हणू लागला. तेही तिने हसत गिळलं, वेडी कुठली! मग गावातच अकरावीपर्यंत वर्ग निघाले. दाखला घेतलेली चाळीस पोरं कारकुनी मागत जिनिंगच्या दारात उभी राहिली, ओझं उचलायला मात्र कुणी मिळेना. आज सकाळी मालकाने हमालांचा रोज वाढवला आणि मुखतारचा पगार नव्या कारकुनांइतका खाली आणला. उद्यापासून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी नवी कारकून म्हणजे ओयदीनची लेक बार्नो, त्याची सख्खी भाची.

बार्नो बाहेर आली. ती खुर्ची आजच सोड, असं तो बजावत होता. पोरगी शांतपणे म्हणाली, मी सोडली तरी बाकीचे आहेतच की, मामा. ते खरं होतं, म्हणूनच वर्मी लागलं. त्याने कुदळ फिरवली.

ओयदीन मध्ये पडली. दांडा तिच्या मनगटावर बसला, हाड कडकन मोडलं. ती तंदुराच्या काठावर आदळली आणि कपाळातून रक्ताची धार डोळ्यांत उतरली. तशीच उठून ती पुन्हा लेकीसमोर उभी राहिली.

"माझी शाळा मी तुला दिली, मुखतार. हिची नाही देणार. मार हवं तर."

त्याने कुदळ पुन्हा वर नेली... ती छपराच्या वाशाला टांगलेल्या पुरचुंडीत अडकली आणि पुरचुंडी त्याच्या पायाशी पडली. आतून एक रोटी निघाली, दगडासारखी वाळलेली, एका कडेला दातांच्या खुणा असलेली. घर सोडून जाणाऱ्याने रोटीचा एक घास घ्यायचा आणि परतल्यावर उरलेली संपवायची, तोवर घरच्यांनी ती जपायची, अशी तिथली रीत. पंधराव्या वर्षी शाळेला निघताना त्याने तो घास घेतला होता. कारकून होऊन आला तेव्हा, हा दगड कोण खाणार, म्हणून हसला होता!

"आपा... अजून ठेवलीस?"

"तू आलास कुठे अजून?"

कुदळ हातातून गळाली. कमरेचा रुमाल सोडून त्याने तिचा हात बांधला. हुंदके देत बार्नोचे पाय धरू लागला, पण तिने धरू दिले नाहीत. मग चहात बुडवून बुडवून त्याने ती रोटी खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

ओयदीनचा हात पुन्हा सरळ झाला नाही. जन्मभर ओझी वाहिली आणि वाढलेला रोज मात्र तिच्या नशिबी एक दिवसही आला नाही. कारकुनी सोडून तिच्या जागी मुखतार ओझी वाहायला उभा राहिला. पहिल्या संध्याकाळी पाठ सोलवटून, केसांत कापूस घेऊन तो थेट तिच्या अंगणात आला. तिने विचारलं, आता चारचौघांत काय सांगशील?

"सांगेन, आपा हमाल होती, तिची जागा मला मिळाली."

ओयदीनने चांगल्या हाताने त्याच्या केसांतला कापूस काढला आणि त्याला जेवायला बसवलं.