बोर्डामागचं आकाश

"कोणी हलू नका," मुंगी म्हणाली, आणि वाचनालयातले सगळे उगाचच श्वास रोखून बसले.

खरं तर हलायचं होतं ते पडद्यावरच्या आईनं. मघाशी ती हसत काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगताच गोठली होती. डोळे अर्धे मिटलेले, तोंड अर्धं उघडं, एक हात हवेत. मग चेहऱ्याचे चौकोनी तुकडे झाले आणि पडदा काळा पडला.

"गेली," तिचा गावातला मित्र भोंगा म्हणाला. भोंग्याला हळू बोलताच येत नसे, त्यामुळे ही बातमी रस्त्यापलीकडच्या सायकलच्या दुकानातही पोचली.

 मुंगी सुट्टीला मामाकडे आल्यापासून दर वेळी हेच होत होतं. तिची आई एका मोठ्या जहाजावर यंत्रं सांभाळायची. रॉकेट उडालं की भर समुद्रात थांबून त्याचे संदेश पकडायचे, हे त्या जहाजाचं काम. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, म्हणून मुंगीची सुट्टी मामाकडे. एरवी तिनं कुरकुर केली असती, कारण डोंगरांच्या बेचक्यातल्या या गावात मोबाइलला कधी रेंज म्हणून नसे. पण यंदा वाचनालयाच्या गच्चीवर एक पांढरी, चपटी थाळी बसली होती. ती थेट उपग्रहांशी बोलायची. जे उपग्रह मामाच्या गावावरून जातात तेच फिरत फिरत जहाजावरूनही जातात, असं आईनंच सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर मुंगीनं पिशवी भरली होती.

"तुला सांगू?" बाहेर पायरीवर बसत ती म्हणाली. "आता आई आठवायला गेलं की मला अशीच आठवते. डोळे अर्धे मिटलेली. हलणारी आई आठवतच नाही."

 शेजारी चष्मिस, म्हणजे मामाचा मुलगा, बसला होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बुधवारी परत फोन आहे ना?"

"शेवटचा. मग रॉकेट उडेपर्यंत जहाजावरून घरी फोन बंद. नंतरही जहाज बंदराला लागेल तेव्हाच. तोवर माझी सहामाही पण होऊन जाईल."

"मग बुधवारच्या आत हे दुरुस्त झालं पाहिजे," भोंगा म्हणाला. सायकलवाल्यानं पलीकडून मान डोलावली.

मोठ्यांना विचारून पाहिलं, पण मोठ्यांकडे उत्तरं भरपूर होती आणि उपाय एकही नव्हता. मामा वाचनालयाचे ग्रंथपाल. ते म्हणाले, हवा खराब असेल. सायकलवाला म्हणाला, जहाज हलतं, म्हणून चित्र अडकतं. वाचनालयाचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव अध्यक्षकाका म्हणायचं, त्यांनी तर सरळ वर बोट दाखवलं.

"दोष वरचा आहे. उपग्रह कमी आहेत. पुढच्या रॉकेटातून आणखी जातील, मग बघा कसं पळतं ते."

"पण ते रॉकेट उडायच्या आधीच मला आईशी बोलायचंय," मुंगी म्हणाली.

"धीर धरायला शिक, बाळ," अध्यक्षकाका म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवत निघून गेले.

धागा सापडला तो भलतीकडेच. सोमवारी दुपारी तिघं वायरमनकाकांच्या दुकानात बसली होती. काका पंखा खोलून बसले होते आणि तोंडानं मॅचचं वर्णन चालू होतं. गेल्या आठवड्यात वाचनालयात बसून त्यांनी अख्खी मॅच पाहिली होती.

"अख्खी?" चष्मिसनं विचारलं. "मध्ये अडकली नाही?"

"एकदाही नाही. मी जेवायलासुद्धा उठलो नाही. तुझी काकू अजून फुगून बसलीय."

"कधीची गोष्ट?"

"बोर्ड खाली आणला होता ना, त्या दिवशी. उपाध्यक्षांचं नाव राहिलं होतं, ते रुसले. म्हणून पेंटरनं खाली उतरवून नाव टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी मीच परत वर ठोकला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोर्ड कोणता ते विचारायची गरजच नव्हती, तो गावाच्या वेशीवरूनही दिसायचा. पत्र्याचा, भिंतीएवढा. 'आकाशातून इंटरनेट आणणारे आपले लाडके अध्यक्ष' अशी अक्षरं, आणि शेजारी अध्यक्षकाकांचं चित्र, आकाशाकडे बोट दाखवणारं. रोज येता-जाता सगळे तो वाचायचे. म्हणूनच बहुतेक त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

गच्चीची किल्ली मामांच्या टेबलाच्या खणात असे. "पुस्तकांना ऊन दाखवतो," असं सांगून चष्मिसनं ती मिळवली, आणि खोटं नको म्हणून काखोटीला चार पुस्तकंही मारली. वर पाहतात तो थाळी एका कोपऱ्यात बसलेली, आणि तिच्या अगदी पुढ्यात बोर्डाची मागची बाजू. गंजलेला पत्रा, लाकडी टेकू, ताणलेल्या तारा.

"पण थाळी तर वर बघते," भोंगा म्हणाला. "बोर्ड तिच्या बाजूला आहे. वर कुठे आहे?"

मुंगी थाळीशेजारी उताणी पडली. तिघांत तीच सगळ्यांत लहानखुरी, म्हणून तर तिचं नाव मुंगी. डोकं थाळीला टेकवून तिनं डोळे उघडले.

"काय करतेस?"

"थाळीला काय दिसतं ते बघतेय."

तिला एका बाजूला निळं, मोकळं आकाश दिसलं. दुसऱ्या बाजूला पत्रा, पत्रा आणि पत्रा. खालून बघताना तो बोर्ड रस्त्यावरून दिसतो त्याहून कितीतरी मोठा वाटत होता. निम्मं आकाश त्यानं खाल्लं होतं.

"उपग्रह एका जागी थांबत नाहीत," ती पडल्या पडल्याच म्हणाली. "आई सांगते, ते पळत असतात. एक मावळला की दुसरा येतो, आणि थाळी याच्याकडून त्याच्याकडे बोलणं सोपवत जाते. पण बोलता बोलता तो या पत्र्यामागे गेला तर?"

"तर आई गोठते," चष्मिस हळूच म्हणाला. मग त्याला आठवलं. "थाळी बसवणारा माणूस सांगून गेला होता, वरचं आकाश मोकळं ठेवा. त्यासाठी बाबांनी मागच्या झाडाच्या चांगल्या मोठ्या फांद्या तोडून घेतल्या. माझा झोका गेला त्यात."

"आणि मग त्याच जागी बोर्ड ठोकला?" भोंग्याचं हसू थेट खालच्या चौकात पोचलं.

मुंगीला मात्र हसू आलं नाही. सगळ्या सुट्टीभर तिला वाटत होतं की आई फार लांब आहे म्हणून दिसत नाही. आणि अडलं होतं कुठे, तर हात पुरेल इतक्या जवळ, एका पत्र्यापाशी. तिला एकदम रडू फुटलं. दोघं शहाण्यासारखे दुसरीकडे बघत उभे राहिले.

त्याच संध्याकाळी तिघांनी अध्यक्षकाकांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले.

"अरे, रॉकेट एवढं आकाश फाडून जातं, आणि माझ्या पत्र्याला अडतं होय?"

मामांना पटलं, पण ते कानाच्या पाळीला हात लावत म्हणाले, "मागे एकदा मी नुसतं म्हटलं होतं, बोर्ड जरा तिरका वाटतो. दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत."

सरळ बोटानं तूप निघत नव्हतं. मंगळवारभर तिघं डोकी एकत्र करून बसली, आणि बुधवारी सकाळी भोंगा नीट भांग पाडून अध्यक्षकाकांच्या दारात उभा राहिला.

"काका, शाळेनं सुट्टीतला प्रकल्प दिलाय. गावात नवीन काय आलं ते लिहायचं. आम्ही इंटरनेट घेतलंय. तुमचा फोटो हवाय, बोर्डासोबत. शाळेच्या भिंतीवर लागेल."

यातला शब्दन् शब्द खरा होता. प्रकल्प खरंच होता, आणि सुट्टी संपत आली तरी कोणी त्याला हात लावला नव्हता.

"चला गच्चीवर," काका लगेच म्हणाले.

"वर फोटोत नुसत्या पाण्याच्या टाक्या येतात. बोर्ड खाली अंगणात आणला, तर तुम्ही आणि बोर्ड दोघंही पूर्ण याल. संध्याकाळी ऊनही छान असतं."

संध्याकाळी वायरमनकाकांनी आणि त्यांच्या दोन माणसांनी बोर्ड खाली उतरवला. अध्यक्षकाका नवाकोरा सदरा घालून आले. चष्मिस फोटो काढू लागला. एक बसून, एक उभ्यानं, एक बोट वर करून. आतून घंटी वाजल्याचा आवाज आला, तेव्हा तो म्हणाला, "काका, डोळे मिटले तुमचे, आणखी एक काढतो."

आत मुंगीसमोर पडद्यावर आई उगवली.

"मुंगे, किती वाळलीस. मामी जेवायला देते ना?"

"देते. आई, तू केस कापलेस?"

"यंत्रात अडकतात म्हणून कापले. वाईट दिसतात?"

आई हलत होती. कपाळावरची बट मागे सारत होती, मान वळवून कोणाला तरी 'थांब' म्हणत होती, हसत होती. मुंगी शाळेचं सांगत होती, झोक्याचं सांगत होती, पडलेल्या दाताचं सांगत होती. काही न तुटता. बोलताना तिचा हात पडद्याच्या कडेला घट्ट धरून होता.

बाहेर मात्र पंचाईत झाली. फोटो काढून संपले आणि अध्यक्षकाका म्हणाले, "चला, अंधार पडायच्या आत बोर्ड वर चढवा." माणसांनी बोर्ड उचलला. भोंगा दोन्ही हात पसरून जिन्यात आडवा उभा राहिला.

"काका, आत या आधी. प्लीज."

काका रागावूनच आत आले. मागोमाग सगळे आले. पडद्यावरची आई बघून काका क्षणभर थबकले.

"बघितलंत?" चष्मिस म्हणाला. "बोर्ड खाली आहे, आणि एकदाही अडकलेलं नाही."

"योगायोग आहे," काका म्हणाले. "आज हवा चांगली आहे. बोर्ड लावूनही असंच चालेल."

"मग लावून बघा," असं कोण म्हणालं? मुंगी. सगळ्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मामा म्हणाले, "अगं, तुझा शेवटचा फोन आहे. तुझं होऊ दे आधी."

 मुंगीला आईचा एकही क्षण द्यायचा नव्हता. पण आज बोर्ड वर गेला की तो कायमचा जाणार होता, आणि पुढच्या सुट्टीत इथून फोन केला तरी आई परत अर्धे डोळे मिटूनच दिसणार होती.

"आई, कदाचित तू जाशील. पण तिथेच बस हं. उठू नकोस."

"नाही उठत," आई म्हणाली. तिनं कारणसुद्धा विचारलं नाही.

बोर्ड गच्चीवर चढला. माणसांनी तो जुन्या जागी उभा धरला. खाली आई बोलतच होती. थोडा वेळ गेला, आणखी थोडा गेला.

"चाललंय की," अध्यक्षकाका मिशीला पीळ देत म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

मुंगीचे कान गरम झाले. आणि तेवढ्यात, बोलता बोलता, आई गोठली. चौकोनी तुकडे झाले. पडदा काळा.

 अध्यक्षकाकांचा हात मिशीवरच राहिला होता. मग ते खिडकीत गेले आणि आयुष्यात प्रथमच भोंग्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "उतरवा तो बोर्ड! आडवा घाला, आडवा!"

वर पत्रा धाडकन आडवा झाल्याचा आवाज आला. काका येऊन मुंगीच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. त्यांचा नवा सदरा घामानं भिजला होता.

"माझं चुकलं, बाळ," ते म्हणाले. "एवढा गाजावाजा करून आकाश आणलं, आणि त्याच्या तोंडावर स्वतःलाच उभं केलं. तुम्हा तिघांना कळलं ते आम्हा एवढ्या घोड्यांना कळलं नाही. उद्यापासून तो पत्रा सायकलींवर छप्पर म्हणून घालू. अक्षरं खालच्या बाजूला."

"आणि झोका?" चष्मिसनं विचारलं.

"झोका मी माझ्या अंगणात बांधून देतो. शाबास रे पोरांनो."

मामांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. तिचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. पडद्यावर चित्र परत आलं होतं. आई होती, पण ती हलत नव्हती. गालाखाली हात, ओठ मिटलेले, नजर समोर. आवाज नाही. सगळे वाट बघत राहिले.

"अडकलं परत," मामा खालच्या आवाजात म्हणाले आणि बंद करून पुन्हा लावायला त्यांनी बटणाकडे हात नेला.

"थांब मामा," मुंगी म्हणाली.

आईनं डोळ्यांची उघडझाप केली. ती गोठलेली नव्हती. ती नुसती मुंगीकडे बघत बसली होती.

मुंगीनंही मग गालाखाली हात घेतला. सांगायचं बरंच राहिलं होतं, पण ती काहीच बोलली नाही. भोंगा पाय न वाजवता सगळ्यांना बाहेर घेऊन गेला आणि जाताना त्यानं दार हळूच लोटलं.