रत्नम्माचा अंगठा

आधीच सांगते, पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण 'रचलेली गोष्ट' म्हणायचं नाही. जिच्यावर हे गुदरलं ती वैजयंती माझी सख्खी मावसबहीण. जुळे सोलापुरात राहते. तिचा उजवा अंगठा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.

आणि रात्रबित्र काही नव्हती हं. लोकांना भूत म्हटलं की अमावस्या लागते. हे घडलं सकाळी पावणेनऊला, लख्ख उन्हात, चाळीस पोरांसमोर. गेल्या वर्षी. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा नुकतीच उठलेली, शुक्रवार होता, तिसरा तास.

मूल्यशिक्षणाचा.

शहरातलीच मिशनची प्राथमिक शाळा. नाव सांगत नाही, तिथं लेकरं शिकतात. वैजयंतीचा हा तास म्हणजे शाळेची शान. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, सगळ्यांची पोरं मांडीला मांडी लावून बसायची. पवित्र शास्त्रातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट ती अशी सांगायची की पोरं डबा खायचं विसरायची. खोटं बोलू नये. दुबळ्याला छळू नये. चुकलं तर कबूल करावं. तिची स्वतःची लेक मारिया तिसरीत, पहिल्याच रांगेत बसायची.

सांगायला काय जातं हो! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. माझी बहीण आहे म्हणून मी झाकणार नाही.

झालं होतं असं. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये मधल्या सुट्टीत अजिंक्य नावाचा पोरगा जिन्यावरून पडला. हनुवटीला सहा टाके. जिन्यावर लक्ष ठेवायची पाळी वैजयंतीची, आणि ही बया स्टाफरूममध्ये फोनवर. त्यात उन्हाळ्यात मुख्याध्यापिका निवडायची होती. हिचं नाव सगळ्यात वर. पोराचे आजोबा शाळेच्या कमिटीवर. खरं बाहेर आलं असतं तर पद गेलं असतं.

जिन्याच्या खाली फरशी पुसत होती रत्नम्मा. शाळेची मावशी. बावीस वर्षं तिनंच शाळेचा टोल दिला, बावीस वर्षं पोरांची नाकं पुसली. राहायला शहराबाहेर कुंभारीला. उरलेल्या वेळात विड्या वळायची. पानं कापताना कात्री लागून उजव्या अंगठ्यावर आडवा चिरा पडलेला. अक्षरओळख शून्य. हजेरीवर निळा अंगठा उठवायची.

वैजयंतीनं कागद लिहिला. तिचं अक्षर म्हणजे मोती. शाईचं पॅड पुढं केलं.

"बाई, ह्ये काय हाय?"

"तुमच्या रजेचा अर्ज आहे मावशी. लावा अंगठा."

"तुमी सांगताय म्हंजी खरंच की."

लावला.

कागदावर होतं, 'मी मुलाला ढकललं. माझी चूक मला कबूल आहे.'

दुसऱ्या दिवशी रत्नम्माला काढून टाकलं. बिचारी आठ दिवस शाळेच्या फाटकापाशी बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला निळा अंगठा दाखवायची. "अंगठा माजा हाय. गोष्ट माजी न्हाय." कोण ऐकतं?

आठव्या दिवशी तिनं वैजयंतीची गाडी अडवली. शिवी नाही, शाप नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, म्हनून तुमच्यावर इस्वास टाकला. तुमालाबी एक दिवस कुनावर तरी टाकावा लागंल."

दिवाळीत ती गेली. अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही.

आणि मग तो जानेवारीतला शुक्रवार...

वैजयंतीनं पुस्तक उघडलं. पोरं गप्प झाली. तेवढ्यात वास आला. कोरड्या तंबाखूचा, विडीच्या पानांचा.

आणि...

टण्ण.

एकच ठोका. जुन्या लोखंडी टोलाचा.

आता ऐका. शाळेत केव्हाच इलेक्ट्रिक घंटा बसवलेली. टोलाचा हातोडा ऑफिसच्या कपाटात कुलपात होता.

वैजयंतीनं खाली पानाकडे बघितलं. अक्षरं दिसत होती, पण लागत नव्हती. एकही. नुसत्या मुंग्या.

पानाच्या कोपऱ्यात निळा अंगठा उठलेला. ओला. मधोमध आडवा चिरा.

"मम्मी, वाच ना," मारिया म्हणाली. वर्गात मम्मी म्हणाली म्हणून पोरं खिदळली.

तास संपला आणि अक्षरं परत आली. तिला वाटलं, चक्कर असेल, साखर कमी झाली असेल. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आली. नंबरसुद्धा बदललेला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा टण्ण... त्या दिवशी अक्षरं दुपारी आली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी. पोरांच्या वह्यांवर तिनं स्वतः केलेल्या सह्या गायब, आणि प्रत्येक सहीच्या जागी निळा अंगठा. चाळीस वह्या, चाळीस अंगठे.

तरी गप्प! खुर्ची दिसत होती ना समोर. घरी मारियाकडून धडा वाचून घ्यायची, पाठ करायची आणि वर्गात पुस्तक धरून वाचल्यासारखं करायची.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमध्ये सगळ्यांबरोबर तिनं गीतांचं पुस्तक उघडलं. अक्षरं गेलेलीच होती. रविवारी, ईस्टरलाही आली नाहीत.

नंतर कधीच आली नाहीत.

तेव्हा कुठं बाईचे डोळे उघडले. रिक्षा करून कुंभारीला गेली. बसची पाटी वाचता येईना, करणार काय? रत्नम्माची लेक नागव्वा उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत होती. हिला बघून उठलीसुद्धा नाही.

"नागव्वा, तुझ्या आईचं माझ्या हातून..."

"आई घरी न्हाय बाई. सातलाच शाळंला गेली."

"अगं, मावशी तर दिवाळीत..."

"व्हय. तवापास्नं एक खाडा न्हाई तिचा."

वैजयंती तिच्या पायाशी बसली. रडली. माफ कर म्हणाली. सगळ्या पोरांना शिकवलेलं ते वाक्य तिनं स्वतः पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

नागव्वाचा हात थांबला नाही. "मी कोन माफ करनार? जितं खोटं लिवलं, तितं खरं लिवून द्या की."

सोमवारी वैजयंती शाळेच्या क्लार्ककडे गेली. सोमलिंग त्याचं नाव, सरळ माणूस. दार लावून तिनं सगळं सांगितलं. फोन, जिना, रजेचा अर्ज, सगळं. सोमलिंगनं पानभर लिहून काढलं आणि तिला वाचून दाखवलं. सगळं बरोबर होतं.

"करा सही बाई."

तिनं पेन धरलं. हात चालेना. स्वतःचं नाव कसं लिहायचं तेच आठवेना.

टेबलावर शाईचं पॅड होतं... उघडं. सोमलिंग म्हणतो, मी उघडलं नव्हतं.

तिनं अंगठा लावला. पाकीट बंद झालं, लाख लावली.

शनिवारी कमिटी बसली. अजिंक्यच्या आजोबांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं.

"वैजयंतीबाई, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो सर. सगळं खरं आहे."

"हे तुमचंच अक्षर आहे."

"नाही सर, लिहिलंय सोमलिंगनं..."

सोमलिंग पुढं झाला आणि कागद बघून भिंतीला टेकला. त्यानं पानभर लिहिलं होतं. कागदावर दोनच ओळी होत्या. वैजयंतीच्या मोत्यासारख्या अक्षरात.

'मी मुलाला ढकललं. माझी चूक मला कबूल आहे.'

खाली निळा अंगठा.

ती ओरडली, रडली, टेबलावर हात आपटले. अंगठा माझा आहे, पण हे माझं नाही! सोमलिंगनंही शपथेवर सांगितलं. कोण ऐकतं?

त्याच दिवशी काढून टाकलं. ती फाटकातून बाहेर पडली तेव्हा मागं टोल वाजला. एक नाही. शाळा सुटल्यावर रत्नम्मा द्यायची तसा, लांबच लांब.

मे महिन्यात मी तिच्याकडे गेले. तिनं हात पुढं केला. मी समजले, चहाचा कप हवा असेल. तिला अंगठा दाखवायचा होता. निळा, कितीही घासला तरी न जाणारा. आणि मधोमध आडवा, जुना, भरून आलेला चिरा. आयुष्यात कधी कात्री लागली नव्हती हो तिला.

कोण म्हणतं डोक्याचा आजार, कोण म्हणतं मनाचा. मला विचाराल तर मी काहीच म्हणत नाही. नागव्वाला बरोबर घेऊन कमिटीला खरं सांगून बघितलं मी. त्यांनी रत्नम्माच्या कागदाची फाईल काढली, तर त्यातला कागद कोरा निघाला. रत्नम्मा सुटली. माझी बहीण अडकली ती अडकलीच.

आता घरी आलेला प्रत्येक कागद मारिया वाचते. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, शास्त्रातला रोजचा उतारा. गुणी पोर आहे, आईनंच शिकवलंय, खोटं बोलू नये.

त्या दिवशी माझ्यासमोरच मारिया उतारा वाचत होती. वाचून संपलं. खोलीत कुठून तरी तंबाखूचा वास यायला लागला. वैजयंतीनं लेकीचा हात घट्ट धरला.

"मारिया... खरंच असंच लिहिलंय ना गं?"

पोर एकदा पुस्तकाकडे बघत राहिली, एकदा आईकडे.

आणि तिनं पुस्तक मिटून टाकलं.