जन्माआधी मेलेलं मूल

आयव्ही मदरसोलने नोटीस टेबलावर आपटली, तेव्हा मिस गॉयमर यांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"वाचा," आयव्ही म्हणाली. "मला वाचून दाखवू नका. मला पाठ आहे."

एनिड गॉयमर यांचा इप्सविचमधला धंदा लोकांची घराणी शोधून देण्याचा. कोण कोणाचा पणजोबा, कोण कुठल्या गावातून अमेरिकेला गेला, हे त्या जुन्या दगडांवरून आणि कागदांच्या पेट्यांतून हुडकून काढत. अंगाने लहानखुऱ्या, तोंडात नेहमी पेपरमिंटची गोळी. त्यांची गाडी चालवायला आणि जड दारं ढकलायला बर्ट केरिज असे. बर्ट पोलिसातून निवृत्त झालेला, लिटल वेनिंग गावचाच. आयव्हीला इथवर आणलं होतं त्यानेच.

नोटीस कॅप्टन रोलंड विंडल यांची होती. लिटल वेनिंगमधली निम्मी जमीन त्यांची. आयव्हीने मिल लेनवरचं घर लेडी डेला, म्हणजे पंचवीस मार्चला, रिकामं करावं. विंडल इस्टेटचं वर्ष त्या दिवशी बदलतं, कुळं त्याच दिवशी येतात आणि जातात, असंही खाली लिहिलं होतं.

"मी कूळ नाही," आयव्ही म्हणाली. बाई सत्तरीची, पण आवाज असा की खिडकीची तावदानं थरथरावीत. "ते घर सायलेन्सने आम्हाला दिलंय."

सायलेन्सची गोष्ट बर्टने लहानपणापासून ऐकलेली. सव्वातीनशे वर्षांपूर्वी प्युरिटन पंथाचे लोक राजाच्या चर्चला कंटाळून जहाजांत बसले आणि समुद्रापार गेले, त्यांतली ती एक. तिकडे तिचं बरं चाललं. मग तिने पैसे पाठवून गावात एक घर विकत घेतलं आणि दारावर दगड बसवायला सांगितला. तो दगड अजून आहे: 'हे घर माझ्या वडिलांच्या वंशाचे, धुराड्यातून धूर निघतो तोवर. सायलेन्स.'

वडिलांचं नाव मात्र तिने घातलं नाही. तेव्हा सगळ्या गावाला ते ठाऊकच होतं. आणि बाप्तिस्म्याची नोंदवही यादवी युद्धात जळून गेलेली.

"कॅप्टन म्हणतो, ती विंडलांची मुलगी," आयव्ही म्हणाली. "त्यांच्या हवेलीत म्हणे तिने लहानपणी केलेलं भरतकाम सापडलंय. म्हणजे घर त्यांचं. पाडून टाकणार आणि आपल्या खडीच्या खाणीला रस्ता काढणार. मी जाऊ कुठे? सरकारी वृद्धाश्रमात, चाळीस म्हाताऱ्यांच्या खोलीत?"

"तुमच्याकडे काय पुरावा आहे?"

"चर्चमधला दगड."

बर्ट खाली मान घालून हसला. आयव्हीने ते पाहिलं.

"हस. तुझा बापही हसायचा."

"हसत नाही गं. पण त्या दगडाचं तुला माहीत आहे ना."

मिस गॉयमर उठल्या आणि कोट घालू लागल्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "चला."

वाटेत गाडीत आयव्ही अखंड बोलत होती. बर्ट हळूच म्हणाला, "मदरसोल घराण्यात सायलेन्स एकच झाली बाई, तीही अमेरिकेला गेली." मिस गॉयमर यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

चर्चच्या अंगणात स्नोड्रॉपची पांढरी फुलं गवतातून वर आली होती. फेब्रुवारीत तेवढीच फुलतात. आत भिंतीवर, शेगडीच्या मागे, हाताएवढा एक दगड होता. बर्टने रुमालाने धूळ पुसली.

'नेथन मदरसोल, कापड-व्यापारी जॉनचा मुलगा, सायलेन्सचा भाऊ. जन्म ९ जून १६२४. मृत्यू ११ फेब्रुवारी १६२४.'

"आता कळलं?" बर्ट म्हणाला. "जून नंतर येतो, फेब्रुवारी आधी. पोर जन्मायच्या आधीच मेलं. गावातली सगळी मुलं या दगडापाशी येऊन हसून गेलीत, मीसुद्धा. कोरणारा पाथरवट प्यालेला असणार. कॅप्टनचा वकील म्हणतो, ज्या दगडाला पोराचा जन्म नीट सांगता येत नाही, त्याने सांगितलेली बहीण कोण खरी मानणार?"

मिस गॉयमर बराच वेळ दगडासमोर उभ्या राहिल्या. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"हे कोणी पहिल्यांदा म्हटलं? पाथरवट प्यालेला होता, असं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात तेव्हा कोणी बघत नाही," त्या म्हणाल्या, आणि आवाजात पहिल्यांदाच धार आली.

हवेलीत कॅप्टन विंडल यांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. भरतकाम काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगलं होतं. जुनं पिवळं कापड, त्यावर वर्णमाला, आणि खाली मजकूर: 'सायलेन्स विंडल, वय नऊ. हे काम १० जानेवारी १६२० रोजी आरंभिले, १ मे १६२० रोजी पुरे केले.' त्याच्याखाली एका ओळीत बारा फुलं. पहिलं पिवळं डॅफोडिल, मध्ये गुलाब, पुढे हॉलीची लाल फळं, आणि अगदी शेवटी पांढरा स्नोड्रॉप.

"पोटमाळ्यावर सापडलं, एका पेटीत," कॅप्टन म्हणाले. "नऊ वर्षांच्या मुलीने चार महिने खपून केलंय. किती सरळ टाके. आणि तुमच्या त्या बाईकडे काय आहे? जन्माआधी मेलेलं मूल." ते मोठ्याने हसले. "कोर्टात मी तेवढाच दगड दाखवणार आहे. माझ्या बाजूचा सगळ्यात चांगला साक्षीदार तो आहे."

"पेटी कोणी उघडली?"

"मी. घरातल्या बायकांना पोटमाळ्यावर जायला भीती वाटते."

घरात बाई एकच, कॅप्टनची धाकटी बहीण सिबिल. लग्न न झालेली, पन्नाशीची. चर्चमधल्या गुडघे टेकायच्या उशा तिनेच भरलेल्या. ती खिडकीपाशी सुई घेऊन बसली होती. मिस गॉयमर यांनी विचारलं, हे काम तुम्हाला कसं वाटतं. तिने मान वर केली नाही.

"मला विचारून काय उपयोग? या घरात मला सांगतात तेवढं मी करते."

"फुलं सुंदर आहेत."

सुई थांबली. "तुम्ही फुलं पाहिलीत?" सिबिल म्हणाली.

"सिबिल, चहाचं बघ," कॅप्टन म्हणाले, आणि ती उठून गेली.

उरले व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचे धर्मगुरू, रेव्हरंड पास्क. भरतकाम अस्सल आहे अशा कागदावर त्यांनी सही केली होती. त्यांचं सगळं लक्ष मधमाश्यांच्या पेट्यांकडे. सहीचं विचारताच ते गोंधळले. चष्मा घरी राहिला होता, कापड जुनं वाटलं, कॅप्टन म्हणाले म्हणून केली सही. गावात येऊन चार महिने झाले, चर्चमधले दगड अजून पाहायचे राहिलेत, शेगडीमागे वाकवत नाही. मग त्यांनी कामाचं रडगाणं लावलं. चर्चच्या विश्वस्तांचे हिशेब अजून लेडी डेपासून लेडी डेपर्यंत चालतात, जुन्या लोकांचं वर्षच मुळी तेव्हा उजाडायचं आणि चर्चला काही सोडवत नाही, आता मार्च येईल आणि मधमाश्या सोडून आकडे मांडत बसावं लागेल.

मिस गॉयमर यांनी त्यांचे मनापासून आभार मानले. कशाबद्दल, ते बर्टला कळलं नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बाई, हाती काहीच लागलं नाही. कापड जुनं आहे, ते मीही ओळखतो."

"जुनी चादर कुठल्याही हवेलीत सापडते, केरिज. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं चाललंय तुमच्या गावाचं. रविवारी प्रार्थना झाली की सगळ्यांना त्या दगडापाशी थांबवा. कॅप्टनना म्हणावं, येताना भरतकाम आणा. दगडाची फजिती करायची आहे म्हटलं की आनंदाने येतील."

आले. कॅप्टन, सिबिल, व्हिकर, आणि हाताची घडी घालून उभी आयव्ही. मिस गॉयमर यांनी चौकट शेगडीच्या कठड्यावर, दगडाच्या बरोबर खाली ठेवली.

"व्हिकरसाहेब, चष्मा आणलाय ना? दोन्ही वाचा. आधी दगड."

रेव्हरंड पास्क यांनी वाचलं. बर्टला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

"यात चूक काय आहे?" ते म्हणाले. "जूनमध्ये जन्मलं, आठ महिन्यांनी गेलं बिचारं."

"फेब्रुवारी आधी येतो, साहेब," बर्ट म्हणाला.

"आज येतो. तेव्हा कुठे येत होता? तेव्हा वर्ष पंचवीस मार्चला, लेडी डेला बदलायचं. जानेवारी आणि फेब्रुवारी हे वर्षाचे शेवटचे महिने. दोनशे वर्षांपूर्वी कायदा झाला, मग एक जानेवारी आला."

बर्ट दगडाकडे पाहत राहिला. या लोकांचा पाडवा मार्चात असायचा, आणि तीन-चार पिढ्यांची पोरं एका तान्ह्या मुलाच्या मृत्यूवर हसत होती.

"कॅप्टनसाहेब," मिस गॉयमर म्हणाल्या, "तुमची नोटीस लेडी डेची आहे. का, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलं नाही. सगळा गाव त्या जुन्या वर्षावर राहतो आणि त्याच वर्षाला वेडं ठरवतो. पाथरवट शुद्धीत होता. म्हणजे दगड खरा, आणि त्यावर लिहिलंय ते खरं: सायलेन्स ही जॉन मदरसोलची मुलगी. आता भरतकाम वाचा, व्हिकरसाहेब."

"दहा जानेवारी सोळाशे वीसला आरंभिले," व्हिकरांनी वाचलं आणि ते थांबले. "एक मे सोळाशे वीसला पुरे. अरे देवा. त्या वर्षी मे आधी येतो. जानेवारी आठ महिन्यांनी."

"म्हणजे या मुलीने काम आधी संपवलं आणि मग सुरू केलं. त्या काळच्या नऊ वर्षांच्या पोरीने हे कधी लिहिलं नसतं. तिला नवं वर्ष कधी लागतं ते ठाऊक होतं. ज्याला जानेवारीतच वर्ष सुरू होतं असं वाटतं, त्यानेच हे लिहिलं. व्हिकरसाहेबांना जुनं वर्ष माहीत आहे, त्यांनी ही चूक केली नसती. या दगडावर हसणाऱ्याने केली. आणि सगळ्यांत मोठ्याने हसलं कोण, ते मी परवा ऐकलंय."

कॅप्टनचा चेहरा लाल झाला. "मला सुईत दोरा ओवता येत नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"खरं आहे. मजकूर एकाचा आणि हात दुसऱ्याचा. कारण शब्दांत वर्ष जानेवारीत सुरू होतं, पण फुलांत नाही. बारा फुलं, बारा महिने. पहिलं डॅफोडिल, ते मार्चात येतं. हॉलीची फळं डिसेंबरची, ती दहावी. आणि बाहेर आज जो फुललाय तो फेब्रुवारीचा स्नोड्रॉप शेवटी, बारावा. भरणाऱ्या हाताला बरोबर वर्ष माहीत होतं. चूक चूक आहे हे कळूनही त्याने ती भरली, आणि खाली उत्तर लिहून ठेवलं."

शेगडीत कोळसा खचला.

"मला आईने जुन्या वर्षाचं सांगितलं होतं," सिबिल म्हणाली. "याच दगडापाशी. रोलंड तेव्हा शाळेत होता, दूर. आता त्याने कागदावर मजकूर लिहून दिला आणि म्हणाला, भर. मी भरला. आयुष्यभर त्याने कधी विचारलं नाही की मला काही माहीत आहे का. याही वेळी नाही विचारलं."

"घरी चल," कॅप्टन म्हणाले.

"नाही."

बर्टला वाटलं, आता आयव्ही तिला जवळ घेईल. पण आयव्हीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. नेहमीचा तो मोठा आवाज नव्हता, आणि म्हणूनच बर्टला भीती वाटली. "तीन महिने मी रात्री झोपले नाही. भांडी खोक्यात भरली, माझ्या आईचं घड्याळ विकायला काढलं. आणि तू फुलं काढत होतीस. या बाई आल्या नसत्या तर? कोणीच फुलं मोजली नसती तर?"

सिबिल चौकटीतल्या फुलांकडे पाहू लागली.

"मलाही तेच विचारायचं होतं," मिस गॉयमर म्हणाल्या. "कोडं घालणं म्हणजे खरं बोलणं नव्हे, मिस विंडल. तुम्ही नऊ वर्षांच्या असता तर मी शाबासकी दिली असती."

कॅप्टन एकटेच बाहेर गेले. चौकट न्यायला ते विसरले, आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकरवी त्यांनी नोटीस मागे घेतली.

लेडी डेच्या दिवशी बर्ट आयव्हीच्या परसात लाकडं फोडत होता. ओढ्याकाठी डॅफोडिल फुलले होते. लेनमधून सिबिल विंडल आली. हातात एक पेटी, डोक्यावर टोपी नाही. हवेली तिने सोडली, हे गावाला आदल्याच दिवशी कळलं होतं. ती दारातल्या दगडाखाली उभी राहिली आणि म्हणाली, त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते बोलायला आले आहे, आत आले नाही तरी चालेल. मग ती बोलली. मला लाज वाटते, म्हणाली. भीती वाटत होती, पण ती काही सबब नाही.

आयव्हीने सगळं ऐकून घेतलं. दारातून बाजूला मात्र झाली नाही. बर्टने कुऱ्हाड खाली ठेवली.

"झालं?" आयव्हीने विचारलं.

"झालं."

आयव्ही आत गेली, कोळशाची बादली घेऊन आली आणि ती तिच्या हातात दिली.

"शेगडी विझत आलीय," ती म्हणाली. "धूर निघाला पाहिजे. आणि हे बघ, माफ केलंय असं समजू नकोस. या घरात गप्प बसून चालत नाही, एवढं लक्षात ठेव."