तळ्याकाठची दुमडलेली हिरवळ

यंत्र तिथे दाराआड आहे. आजच घेऊन जा, मला आता त्याचा उपयोग नाही. पण आधी चहा घ्या आणि तो दिवा जरा जवळ ओढा. पार्कात धातू शोधायचा नाद तुम्हाला नव्यानेच लागलाय म्हणालात, म्हणून दोन गोष्टी सांगते. मीही गेल्या उन्हाळ्यात अशीच नवखी होते.

मला नादबिद काही नव्हता. मला फक्त विल्फची अंगठी हवी होती.

विल्फ म्हणजे माझा नवरा. शेवटची दोन वर्षं तो आजारीच होता. बोटं इतकी बारीक झाली होती की लग्नाची अंगठी त्यात नुसती फिरायची. एका दुपारी ऑल्डरशॉ पार्कात तळ्यातल्या बदकांना पाव टाकताना त्याने हात झटकला आणि पावाबरोबर अंगठीही गेली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत गवत चाचपत होतो. ती काही मिळाली नाही. मला रडू आवरेना, तर हाच मला समजावत होता, "अगं थेल्मा, बदकाने गिळली असेल. त्याचं लग्न ठरलं असेल."

शेवटच्या आठवड्यात मात्र त्याची चेष्टा संपली. माझा हात धरून तो म्हणाला, "अंगठीशिवाय मला कुठे ठेवू नकोस हं."

म्हणून त्याची राख मी पुरली नाही की उधळली नाही. बरणी चहाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवली. त्याला अंगठीसकट नीट ठेवेपर्यंत मलाही झोप नव्हती. दोन वर्षांची जागरणं अंगात मुरली होती, आणि आता झोपायची मुभा होती तर पलंग मोठा वाटायचा. विल्फ नेहमी माझ्याआधी झोपायला जाई. माझ्या, म्हणजे डाव्या बाजूच्या पांघरुणाचा कोपरा दुमडून ठेवी आणि आत गरम पाण्याची पिशवी सरकवून देई. चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही. ती ऊब गेली, तिथेच माझी झोप गेली.

पलीकडच्या गल्लीतल्या नॉरिसने मला हे यंत्र दिलं आणि नगरपालिकेची परवानगीही काढून दिली. ती तुम्हीही आधी काढा, नाहीतर पार्कवाले यंत्रासकट बाहेर काढतात. यंत्रासोबत एक छोटी कांडी असते, खड्ड्यात धातू नेमका कुठे आहे ते ओरडून सांगणारी. पहिल्या दिवशी मी ती खड्ड्यात घातली, तर ती सारखी ओरडत सुटली. मी कोपरभर खणलं, घामाघूम झाले, हाती काही नाही. नॉरिस बाकावर बसून सँडविच खात मजा बघत होता.

"काय गं, ऑस्ट्रेलियाला निघालीस का?"

"अरे, आत काहीतरी आहे!"

"आत काही नाही. कांडी तुझ्या बोटातल्या अंगठीला ओरडतेय. काढ ती आधी!"

सगळे नवखे ही चूक करतात, तुम्हीही कराल. तेव्हापासून मी खणण्याआधी अंगठी काढून थर्मासच्या झाकणात ठेवायची.

मग त्याने हिरवळ कापायला शिकवलं. खुरप्याने तीन बाजू कापायच्या, चौथी जोडलेली ठेवायची, पेटीच्या झाकणासारखा तुकडा उलटायचा. काम झालं की परत मिटवून पायाने दाबायचा, म्हणजे गवत मरत नाही. आणि वस्तू मिळाली तरी कांडी पुन्हा एकदा आत फिरवायची. "खड्डा गप्प झाल्याशिवाय झाकायचा नाही," नॉरिस म्हणाला, "हे विसरू नकोस."

पानगळ सुरू झाली तरी माझ्या हाती नुसती बाटल्यांची बुचं आणि चॉकलेटचा चांदीचा कागद. कंबर मोडून यायची. पण घरी बसून बरणीकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं.

नोव्हेंबरातली दुपार होती. आपल्याकडे चार वाजताच दिवस मावळतो. तळ्यावर धुकं उतरलं होतं, पार्कात चिटपाखरू नव्हतं. विलोच्या झाडाखाली, पाण्यापासून जरा वर, हेडफोनमधून कानात असा गोल, स्वच्छ आवाज आला की माझे हातच थांबले. अंगठी काढली, झाकणात ठेवली, खुरपं घातलं. वीतभर खोल, काळ्या मातीत, विल्फची अंगठी होती. गाडीच्या दारात सापडून पडलेली खाचही तशीच. मी ती ओठांना लावली आणि मोठ्याने रडले.

तेवढ्यात वास आला. मलमाचा, जे मी रोज रात्री त्याच्या छातीला चोळायची. आधी वाटलं, माझ्याच कोटाला असेल. पण तो खालून येत होता... खड्ड्यातून.

सवयीने कांडी आत घातली. ती ओरडली.

माझ्या बोटाकडे पाहिलं. बोट मोकळं होतं. कांडी आणखी खाली नेली, तर आवाज बारीक आणि सलग झाला. आत अजून काहीतरी होतं.

पण अंगात त्राण उरलं नव्हतं हो. माझं काम झालं होतं. मी हिरवळ मिटवली, पायाने दाबली, चाचपडतच सामान गोळा केलं आणि निघाले. खड्डा गप्प नव्हता, तरी झाकला.

घरी येऊन विल्फची अंगठी बरणीत टाकली. बरणी हलवली की खण् वाजायची. मग थर्मासचं झाकण उघडलं. माझी अंगठी त्यात नव्हती.

रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. गवतात सांडली असेल, दुसरं काय! सकाळी बरणी पुन्हा हलवली, खण् वाजलं, जिवाला बरं वाटलं. नॉरिसला सोबत घेऊन तळ्याकाठी गेले.

तो हेडफोन लावून यंत्र फिरवू लागला आणि विलोखाली थबकला.

"दोन आहेत," तो हळू म्हणाला. "शेजारी शेजारी."

"माझी एक. दुसरी कुठून येईल? त्याची तर घरी आहे."

तो ऐकत नव्हता. जमिनीकडे बघत होता. "थेल्मा... एवढं मोठं कापलंस तू?"

मी तळहाताएवढं कापलं होतं. समोरच्या हिरवळीत तीन बाजूंनी सरळ चीर गेली होती. आमच्या पलंगाएवढी.

नॉरिस वाकला. चिरेच्या कडेला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "खुरपं वरून घातलं की गवत आत दबतं. हे बाहेर आलंय. हे... खालून कापलंय." आयुष्यभर जमीन उकरलेला माणूस, पण त्या दिवशी त्याने खुरपं पिशवीतून बाहेरच काढलं नाही. मला दंडाला धरून घरी आणून सोडलं.

मी कोटही न काढता बरणी हलवली. नुसती राख सरकल्याचा आवाज आला.

तेव्हापासून नॉरिस त्या बाजूला फिरकत नाही. मी जाते. भीती वाटत नाही असं नाही, फार वाटते. पण मी दमलेय, इतकी दमलेय की भीतीलाही माझ्याजवळ फार वेळ बसवत नाही.

काल संध्याकाळी गेले होते. सगळीकडे दव गोठून गवत पांढरं पडलं होतं. चीर भरून आलेली नाही. फक्त डाव्या बाजूच्या हिरवळीचा वरचा कोपरा कुणीतरी नीट दुमडून ठेवलाय.

मी हातमोजा काढून आत हात घातला. आत छान ऊब होती.

चहा संपला ना? यंत्र घेऊन जा. मला आता निजायला हवं.