खादाड स्पीकर

“जरा दार धरता का? माझे हात गुंतलेत.”

दुकानाच्या काचेला नाक लावून मी आतले पेटलेले व्हॉल्व्ह बघत होते. वळून पाहिलं, तर छातीशी लोखंडी ट्रान्सफॉर्मर धरलेला एक उंच माणूस उभा. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आलेला.

मी दार धरलं. त्याने ओझं टेबलावर ठेवलं आणि सुस्कारा सोडला.

“आता ‘आत या’ म्हणायचं असतं,” मी म्हणाले.

“अर्ध्या तर आलाच आहात.” तो हसला. हसताना त्याने मान किंचित उजवीकडे वळवली. तेव्हा मला ती लकब वाटली… आणि आवडलीही.

तो ट्यूब अॅम्प्लिफायर बनवायचा, म्हणजे काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हवर चालणारे, जुन्या पद्धतीचे. माझा जुना अॅम्प्लिफायर गेल्याच आठवड्यात जळला होता आणि घरी माझे दोन बुकशेल्फ स्पीकर मुके बसले होते. मी सगळ्यात छोट्या, दोनच व्हॉल्व्हच्या, देखण्या अॅम्प्लिफायरकडे बोट दाखवलं.

“हा चालेल ना? स्पीकर एवढेसेच आहेत.”

“एवढेसे असतात, पण खादाड असतात. हा जेमतेम आठ वॅटचा. उपाशी ठेवेल त्यांना.”

“माणसांचंही असंच असतं का?”

“माणसांचं मला कळत नाही हो. म्हणून तर हे काम करतो.”

त्याचा एक नियम होता. अॅम्प्लिफायर दुकानात ऐकून घ्यायचा नाही. आपल्या खोलीत आठवडाभर ठेवायचा, मग ठरवायचं. तर दर शनिवारी दुपारी तो आमच्याकडे येऊ लागला. आधीचा उचलायचा, नवा जोडायचा, आणि मग ‘फक्त एकच गाणं’ म्हणत दोन तास बसायचा. देखण्या छोट्यावर गाणाऱ्या बाईंचा आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा यायचा, पण मागून सगळी वाद्यं उठली की स्पीकरना धाप लागायची. दुसरा ताकदीचा होता, पण कोरडा.

“अॅम्प्लिफायर निवडायला एवढे शनिवार?” आई मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून म्हणाली. “तेवढ्यात लोकांची लग्नं ठरतात गं.”

“हळू बोल, ऐकेल तो.”

त्याला ऐकू गेलं नाही. दोन पावलांवर, आमच्याकडे पाठ करून तो वायरी जोडत होता. माझ्या मनात काहीतरी लकाकलं. त्याची दुकान सांभाळणारी आत्या परवाच म्हणाली होती, “याला तीनदा हाक मारावी लागते. सदा आपल्या तंद्रीत!” मी त्याच्या दुकानाशेजारच्या इस्पितळात कान तपासते. तंद्री म्हणजे काय असू शकतं, हे मला रोज दिसतं. तरी मी तो विचार झटकला. शनिवारी मला कामावर असल्यासारखं वागायचं नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्याने चार व्हॉल्व्हचा, काळा, बोजड अॅम्प्लिफायर आणला. पस्तीस वॅट. गाणं सुरू झालं आणि आम्ही दोघंही बोलायचे थांबलो. ओळ उचलण्याआधी बाईंनी घेतलेला श्वाससुद्धा खोलीत आला. माझे स्पीकर पहिल्यांदाच पोटभर जेवत होते.

गाणं संपलं. “आता ही शांतता ऐका,” तो कुजबुजला. “मी बनवलेल्यांत हा सगळ्यात शांत.”

उजव्या स्पीकरमधून एक बारीक शिट्टी येत होती. अगदी स्पष्ट.

गप्प बसता आलं असतं… पण असाच अॅम्प्लिफायर तो उद्या आणखी कुणाला बनवून देणार होता.

“शिट्टी वाजतेय,” मी म्हणाले. “उजवीकडे.”

तो उठला, स्पीकरला कान लावला. मग दुसरा कान. “नाही वाजत.”

“वाजतेय. तुम्हाला… वरचे सूर ऐकू येत नसावेत. एकदा तपासून घ्या.”

तो हळूच सरळ झाला. “मी कानांवर पोट भरतो, बाई.”

“म्हणूनच सांगतेय.”

त्याने वायरींची पिशवी उचलली. अॅम्प्लिफायर मात्र तिथेच राहिला. दारात आईने चहाचं विचारलं, तर तो “नको” एवढंच म्हणाला.

पुढचे तीन शनिवार तो आला नाही. दुकानावरून जाताना मी मान खाली घालून चालायचे. खरं बोलले याचा पस्तावा नव्हता. पण इतक्या पटकन, आणि तेही त्याच्या आवडत्या गाण्यानंतर… जरा धीर धरायला हवा होता.

मग एका सोमवारी सकाळी इस्पितळात नंबर पुकारला आणि तो आत आला. हातात केसपेपर.

“किती वर्षं झाली या त्रासाला?” मी विचारलं. आवाज शक्य तितका कामाचा ठेवला.

“त्रास तुम्ही सांगितल्यापासून आहे,” तो म्हणाला. “त्याआधी मी सुखात होतो.”

मी त्याला काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. खालचे सूर त्याने अचूक टिपले. मी वर वर जात राहिले आणि त्याचा अंगठा बटणावर नुसताच थांबून राहिला. डोळे मिटून तो वाट बघत होता. सूर वाजत होते.

“वडिलांचा पत्रे ठोकायचा कारखाना होता,” बाहेर येऊन तो म्हणाला. “लहानपण तिथेच गेलं. त्याचंच असणार.”

“असू शकेल. वरचे सूर गेलेत, उजव्या कानाचे जास्त. खालचं सगळं शाबूत आहे. आणि… तुमचा अॅम्प्लिफायर बंद करून, गार झाल्यावर मी डावीकडचे व्हॉल्व्ह उजवीकडे लावून पाहिले. शिट्टीही बाजू बदलून गेली. खोट व्हॉल्व्हमध्ये होती, तुमच्या कामात नाही.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “एवढं केलंत?”

“तो मला ठेवायचाय.” मग मी धीर करून विचारलं, “तुम्हाला आता कुणाचे तरी कान लागतील. त्यासाठी आलात का माझ्याकडे?”

“शिट्टी पकडायला यंत्रं असतात. कालच एक आणलं.” तो थांबला. “पण या तीन आठवड्यांत दुकानात एकही गाणं लावलं नाही मी. कुणाला ऐकवायचं, हेच कळेना.”

मी मान खाली घालून तारीख लिहू लागले. “कानाचं यंत्र बसवायला पुढच्या गुरुवारी या. घरचं कुणीतरी सोबत आणा. ज्याचा आवाज रोज ऐकायचाय, असं. त्यावरच यंत्र जुळवतो आम्ही.”

“आणि ते माणूसच यंत्र बसवणारं असेल तर?”

बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला.

मी फॉर्म पुढे ओढला. ‘सोबतची व्यक्ती’ या रकान्यात माझं नाव लिहिलं. शेजारच्या ‘नातं’ या रकान्यापाशी पेन अडलं.

“इथे काय लिहू?”

“राहू दे कोरं,” तो म्हणाला. “आत्याला घेऊन शनिवारी येतो. तुमच्या आईंना विचारून भरू.”