सरूच्या नावाची चढाई

या पेजवर लोक काहीही लिहितात, मला माहीत आहे. निम्म्या गोष्टी पांढऱ्या साडीच्या असतात. माझ्या गोष्टीत पांढरी साडी नाही, वडाचं झाड नाही, आणि अमावस्या तर मुळीच नाही.

भर उजेडात, माणसांनी भरलेल्या मैदानात हे घडलं.

पेणमध्ये. १९८४ च्या डिसेंबरात. दिवस मावळायच्या थोडं आधी.

त्या मैदानात मी होते. ज्यांना खोटं वाटतंय त्यांनी खुशाल दुसरी गोष्ट वाचावी, मला राग नाही.

मी मालू. माझं माहेर खांब गावाजवळचं. रोह्याकडच्या एका हायस्कूलमध्ये मी तेव्हा नववीत होते आणि शाळेच्या कबड्डीच्या टीममध्ये होते. शाळेचं नाव सांगणार नाही. आता तिथे चांगली मुलं शिकतात, त्यांना कशाला त्रास.

आमच्याकडे भात झोडून झाला की कबड्डी सुरू. घराघरात एक तरी खेळणारं असायचंच. आमच्या शाळेत सगळ्यात चांगली होती सरू. दहावीतली. सडपातळ पोरगी, पण दम असा की समोरची टीम कंटाळायची. तेव्हा चढाईला घड्याळ नव्हतं. जोवर एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणता येतंय, तोवर चढाई. दम तुटला की बाद.

आमचे खेळाचे सर म्हणजे हैबतराव सर. माणूस तापट. जिंकायचं वेड. दम वाढावा म्हणून ते आम्हाला एका श्वासात कबड्डी म्हणत अख्ख्या मैदानाला फेरी मारायला लावायचे.

दसऱ्यानंतरची गोष्ट. सरावात पकडीत एकीचा गुडघा सरूच्या छातीत बसला. ती उठली, पण वाकूनच.

"सर, छातीत कळ येतेय."

"नाटकं नकोत. फेरी मार."

"सर, खरंच नाय जमत..."

"दम काय घरी ठेवून आलीस? पळ!"

सरू पळाली. तिचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. मग...

थांबला.

सर म्हणाले, "बघा, बसली असेल." आणि आमचा सराव चालूच ठेवला. आम्ही तिच्याकडे पळत गेलो तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरकडे नेईपर्यंत सरू गेली होती.

सरांनी आम्हाला एका वर्गात उभं केलं. "तिला घरूनच ताप होता. कळलं ना सगळ्यांना?"

आम्ही सगळ्या गप्प बसलो.

सरूची आई, ठमाबाई, शाळेच्या फाटकाशी आली होती विचारायला. विधवा बाई, एकुलती एक पोर. सर तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "आजारी पोरीला शाळेत पाठवता कशाला? आता आमच्यावर ढकलू नका."

 ती बाई सरांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग गेली.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

टीमची नावं आधीच तालुक्याला गेली होती. सरूच्या जागी दुसरं नाव घालायचं म्हणजे ती कशी गेली हे सांगावं लागणार, चौकशी होणार. सरांना ते नको होतं. शिवाय सरूच्या तोडीची दुसरी पोरगी शाळेत नव्हती.

एका संध्याकाळी सर आमच्या घरी आले. माझी मोठी बहीण मैनाताई शाळा सोडून पोह्याच्या गिरणीत कामाला जात होती. शाळेत असताना तीही नावाजलेली खेळाडू. सर बाबांना म्हणाले, "गुणाजी, मैनाला आमच्याकडून खेळू दे. जिल्हा जिंकलो की कंपनीत लावतो तिला. साहेब ओळखीचे आहेत."

"पन सर, ती शाळेत नाय आता."

"सरूच्या नावावर खेळेल. कोण बघतंय?"

बाबांचा चेहरा खुलला. कंपनी म्हणजे तेव्हा आमच्यासाठी सोन्याची खाणच. मैनाताई चुलीपाशी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मेलेल्या पोरीचं नाव लावू मी?"

"नावाला काय होतंय गो?" बाबा म्हणाले.

मेलेल्या मुलीच्या नावावर खेळायला उतरायचं! आज लिहितानासुद्धा संताप येतो. पण तेव्हा सगळ्यांना ते चालवून घेण्यासारखं वाटलं.

पहिला सामना रोह्याला. सकाळची वेळ, कोवळं ऊन. आम्ही रांगेत उभ्या. पंच होते मुरादभाई, सरळ माणूस. ते एकेकीचं नाव घेत होते.

"सरू जगन?"

मैनाताई माझ्या शेजारी होती. तिनं तोंड उघडलं. पण त्याआधीच...

"हजर."

आवाज रांगेच्या टोकाकडून आला होता. तिथे कुणीच नव्हतं.

मुरादभाईंनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. आम्ही मुली एकमेकींकडे बघत राहिलो. आवाज आम्ही सगळ्यांनी ओळखला होता.

सामना सुरू झाला. मैनाताई चढाईला गेली. तिनं एक गडी टिपला, दुसरा टिपला. मग तिला घेरलं. तिचा दम संपत आला होता, मला बहिणीचा श्वास कळतो. ओठ मिटले तिचे. आता ती बाद, असं मला वाटलं.

पण...

'कबड्डी कबड्डी कबड्डी' चालूच होतं.

तिचं तोंड बंद होतं आणि आवाज चालू होता. स्वच्छ, न थकलेला. मैनाताई कशीबशी निसटून मध्यरेषेवर आली आणि आडवी पडली. मैदानात टाळ्यांचा कडकडाट. सर नाचत होते. "ह्याला म्हणतात दम!"

मी तिला पाणी दिलं. तिचे दात वाजत होते.

"मालू, मी म्हनत नव्हते गो."

"मग?"

"तो आवाज चालू असला ना, की मला श्वास आत घेता येत नाय. नरडं आवळल्यासारखं होतं."

त्या रात्री तिनं घरी सांगितलं, मी खेळणार नाही. दुसऱ्या दिवशी सर आले. आधी गोड बोलले. मग म्हणाले, "खोट्या नावानं तू खेळलीस. उद्या पोलीस आले तर तुझ्या घरी येतील, माझ्या नाही."

बाबा घाबरले. मैनाताईला पेणला जावंच लागलं. निघताना ती मला म्हणाली, "आता ती मला सोडायची नाय. मी मरनार हाय बघ तिकडं." मी तिला वेड्यात काढलं.

पेणचं मैदान गणपतीच्या कारखान्यांच्या मागे होतं. जिल्ह्याची फायनल. दोरीच्या पलीकडे माणसंच माणसं, झाडांवरसुद्धा पोरं चढलेली. लाउडस्पीकर लावलेला. आणि दोरीच्या अगदी पुढे, जमिनीवर...

ठमाबाई.

तिला कुणीतरी सांगितलं असणार, तुझ्या पोरीचं नाव पुकारतात म्हणून. एसटीनं एकटी आली होती. सामना सुरू व्हायच्या आधी ती सरांपाशी गेली. मी तिथेच होते.

"मास्तर, सरू खेळतंय म्हनं. कुठं हाय माझी पोर?"

"दुसरी सरू आहे ती बाई. जा, बसा तिकडे."

"दुसरीच्या बापाचं नाव पन जगनच?"

सरांनी तोंड फिरवलं. ठमाबाई मैनाताईकडे वळली. तिचा आवाज अगदी शांत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तुझ्यावर राग नाय माझा पोरी. तुलाबी ढकललंय. पन ज्यानं माझ्या सरूला नेलं त्याला मी सोडनार नाय."

सामना अटीतटीचा झाला. मी बाद होऊन बाहेर बसले होते. आमच्या बाद झालेल्या मुलींची जागा सरांच्या खुर्चीला लागूनच होती. गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई आमची.

लाउडस्पीकर ओरडला, "सरू जगन, चढाईला!"

मैनाताई निघाली. 'कबड्डी कबड्डी कबड्डी...'

सुरुवातीपासून दोन आवाज होते.

थोड्या वेळानं एकच राहिला. मैनाताईचे ओठ मिटलेले. मानेच्या शिरा टरारलेल्या. समोरच्या टीमच्या मुलींना ते दिसलं असावं. त्यांनी पकडायचं सोडून दिलं, त्या मागे सरकत गेल्या. त्यातली एक रडायला लागली.

लोक ओरडत होते, "वा सरू! वा सरू!"

मैनाताईचा चेहरा काळानिळा पडत चालला होता. माझी बहीण डोळ्यांसमोर गुदमरत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी उठून किंचाळले, "ताई, परत फिर!" तिला फिरता येत नव्हतं. आवाज थांबल्याशिवाय तिला श्वास नव्हता, आणि आवाज थांबत नव्हता.

तेवढ्यात ठमाबाई उभी राहिली. शेतातून पोरीला हाक मारावी तशी हाक मारली तिनं.

"सरूऽऽ! कुनी तोडला गो तुझा दम? दाव मला!"

अख्खं मैदान गप्प झालं. फक्त तो आवाज.

मैनाताई वळली. मध्यरेषेकडे नाही, बाजूला. मैदानाच्या कडेची पांढऱ्या फक्कीची रेघ ओलांडून ती आमच्याकडे यायला लागली. डोळे पांढरे झालेले. हात पुढे पसरलेला, सरळ माझ्याकडे. मी जागची हलू शकले नाही. हात माझ्या तोंडापाशी आला...

आणि झटक्यात बाजूला ओढला गेला.

सरांच्या छातीवर थाप बसली.

आवाज थांबला. मैनाताई खाली कोसळली आणि तिनं घरघरत, लांब श्वास घेतला. मी तिला मिठी मारायला गेले, तर तिनं मला लाथेनं दूर ढकललं.

मग पुन्हा सुरू झालं. हळू आवाजात.

'कबड्डी... कबड्डी... कबड्डी...'

या वेळी ते सरांच्या तोंडातून येत होतं. आवाज मात्र त्यांचा नव्हता.

सरांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हातांच्या मागून आवाज येतच राहिला. ते खुर्चीतून उठले आणि पळायला लागले. मैदानाच्या कडेकडेनं, पोट सावरत, डोळे फाडून. लोकांना वाटलं, जिंकल्याच्या आनंदात पळतायत. लोक हसले. कुणी शिट्ट्या मारल्या. कुणीसुद्धा त्यांना थांबवलं नाही.

पलीकडच्या कोपऱ्यात आवाज थांबला.

सर उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल.

सगळे तिकडे धावले. ठमाबाई गेली नाही. तिनं आपली पिशवी उचलली. मैदानाची दोरी एका हातानं वर धरली आणि थांबली, कुणीतरी खालून वाकून यावं म्हणून थांबतात तशी. मग दोरी सोडली आणि एसटी स्टँडच्या वाटेला लागली. चालताना ती एका बाजूला मान वळवून काहीतरी बोलत होती.

फायनललाही पंच मुरादभाईच होते, त्यांनी गुण आम्हाला दिला. नंतर त्यांच्याशी लोकांनी वाद घातला, की मुलगी रेघेबाहेर गेली होती. ते शपथेवर सांगायचे, "कुठं बाहेर गेली? मी समोर होतो. पोरगी गडी टिपून, दम न तोडता मध्यरेषेवर परत आली." ज्या बाजूला ते उभे होते, तिकडच्या लोकांनीही तेच पाहिलं होतं.

मैनाताईला कंपनी मिळाली नाही. लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं आली. सगळं नीट चाललं.

फक्त एक गोष्ट. त्या दिवसापासून तिनं मला कधी हात लावला नाही. माझ्या लग्नात हळद लावली नाही. हळदीकुंकवाला गेले तर सुनेला सांगते, मावशीला कुंकू लाव. आमची आई गेली, मी रडत होते, तेव्हाही ती लांब बसून राहिली. मला वाटायचं, कबड्डीपायी तिचं जे झालं त्याचा तिला माझ्यावर राग आहे. मीही चिडून काही वर्षं बोलले नव्हते तिच्याशी.

मागच्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. मी कोलाडला तिच्या घरी गेले आणि न राहवून विचारलंच, "ताई, काय केलंय गो मी तुझं?"

ती बराच वेळ रडली.

"मी सरांकडं आलेच नव्हते मालू. मला काय दिसत नव्हतं. तू बहीन म्हनून तुझ्याकडं धावत होते, तू धरशील मला म्हनून. हात तुला लागनार, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. कानात बोलली."

"काय बोलली?"

"म्हनाली... आधी हा."

 मी विचारलं, "आधी म्हणजे? नंतर कोण?"

 मैनाताईनं दोन्ही हात चादरीखाली घेतले.

"तुला लावायचा ऱ्हायलाय तो हात," ती म्हणाली. "म्हनून नाय लावत."

सरावात सरूच्या छातीत बसलेला तो गुडघा माझा होता, हे मी वर लिहिलं नाही.

परवा पुन्हा तिला बघून आले. फार दिवस काढेल असं वाटत नाही. झोपेत ती हात पसरून चाचपडते, मला हाक मारते. सूनबाई म्हणते, मावशी, जरा हात धरा ना त्यांचा.

मी दाराजवळच्या स्टुलावर बसून राहते.